धामणदरीची सून

जानराव मास्तर म्हणजे कोरडं लाकूड, असं अख्खं वाशीम म्हणायचं. लोक उगाच म्हणत नव्हते. बायको पटकीनं गेली तेव्हा पोरगी जेमतेम चालती-बोलती होती, आणि मास्तरांच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. दिवस उरकले, धोतर झटकलं, शाळेत हजर. "दगड आहे वं माय, दगड!" असं म्हणत बाया पदर तोंडाला लावून घरोघर गेल्या. पण त्या दगडानंच पोरगी वाढवली, बरं का. वेणी घालायला तेच, भाकर थापायला शिकवायला तेच, तापात कपाळावर ओल्या घड्या ठेवायलाही तेच. फक्त पोरीला जवळ घ्यावं, चार गोड शब्द बोलावे, हे काही त्यांच्याच्यानं होत नसे. शब्द गळ्यापर्यंत यायचे आणि तिथंच बसकण मारायचे.

पोरीचं नाव विजयमाला. मॅट्रिक पास झालेली. भावकीच्या कटकटीत तिचं एक साल वाया गेलं होतं, पण येत्या जूनमध्ये तिला नागपूरला कॉलेजात घालायचं, हे मास्तरांनी पक्कं केलं होतं. "पोट्टी शिकवून काय कलेक्टर करता काय?" असं भावकीनं विचारलं. पण मास्तरांच्या आयुष्यात दोनच गोष्टी होत्या, एक ही पोरगी आणि दुसरी ओसाड गावं.

आता हे ओसाड गावांचं खूळ काय, तेही सांगायला हवं. आमच्या वऱ्हाडात अशी कैक गावं आहेत की त्यांचं नाव सरकारदरबारी आहे, शीव आहे, शेतं आहेत, पण गावात माणूस नाही. कधी रोगराई आली, कधी दुष्काळ पडला, कधी लुटारू आले, गाव उठून गेलं. अशा जागेला रीठ म्हणतात. रविवार उजाडला की मास्तर सायकल काढायचे आणि एखादं रीठ गाठायचे. पडका पार, बुजलेली विहीर, फुटकं जातं, एवढाच तिथला संसार, पण हा बाबा तिथं दिवसभर बसून राहायचा. त्यातल्या त्यात मेडशीकडच्या डोंगरातल्या धामणदरीवर त्यांचा भारी जीव. फार वर्षांमागं पटकीनं ते गाव एका पावसाळ्यात खलास झालं होतं. शेवटच्यांना जाळायलासुद्धा मागं कोणी उरलं नाही, असं म्हणतात.

तर त्या हिवाळ्यात विद्यापीठाला काय सुचलं कोण जाणे, दरसाल नागपुरात भरणारी परिषद वाशीमला भरवायची ठरली. विषय होता लोकजीवन. मग काय विचारता! हायस्कूलच्या भिंतींना चुना लागला, मैदानात मांडव पडला, अकोल्याच्या मोटारींतून प्रोफेसर मंडळी उतरू लागली. कोणाच्या कोटावर घाटातली धूळ, तर कोणाच्या पोटात घाटातली वळणं. मांडव आणि सतरंज्या मास्तरांचे शेजारी गफ्फारभाई यांच्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला. "मास्तर, यापेक्षा शादी परवडली. शादीत येकच नवरदेव रुसते. इथं तं सारेच नवरदेव."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ओसाड गावांवर निबंध वाचला. अर्धी सभा डुलक्या घेत होती, पण अध्यक्ष जागे होते. हे अध्यक्ष म्हणजे नागपूरचे मोठे डॉक्टरसाहेब, रोग्यांचे नव्हे, पुस्तकांचे. निबंध संपल्यावर त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं विद्यापीठाला हवीत हो." झालं! पंधरा वर्षं ज्यांना कोणी शाबास म्हटलं नाही, त्यांना साक्षात अध्यक्षांनी म्हटलं. मास्तर त्या दिवशी जेवले की नाही, हे त्यांनाच आठवत नसेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी जाहीर कार्यक्रम होता. सगळ्या गावाला आमंत्रण. पुढं खुर्च्यांवर प्रोफेसर, मागं सतरंजीवर गाव, एका अंगाला बाया. मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यावरून रुपाबाईला आणलं होतं. वाळून काडी झालेली म्हातारी, पण हातात कोपरापर्यंत बलोयांच्या पांढऱ्या बांगड्या आणि नजर अशी की समोरच्यानं आधी आपले पाय पाहून घ्यावे. तांड्यावर पोरगी सासरी निघाली की ती एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. पोरीला रडू सुचलं नाही तर एखादी जाणती बाई तिच्या वतीनं गाते. रुपाबाई त्यातली पट्टीची. तिच्या ढावल्यानं वऱ्हाडातले बैलसुद्धा रडतात, अशी ख्याती.

डॉक्टरसाहेब मंचावरून म्हणाले, "हं, करा सुरू."

रुपाबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "कोणाच्या गळ्यात पडून रडू? पोर कुठं हाय?"

"पोर नाही आजी, नुसतं गाणं म्हणायचं."

"नुसतं कसं म्हणू? गळा नसन तं रडणं येत नाही. मांडवाच्या खांबाच्या गळ्यात पडू काय?"

मांडव खो खो हसला. म्हातारी मात्र हसली नाही. तिला आपल्या कलेचा अभिमान, अर्धं काम तिला करायचंच नव्हतं. साहेबांनी बायांच्या बाजूला पाहून विचारलं, कोणी मुलगी पुढं येईल का? कोण येणार? आयांनी आपापल्या पोरींचे हात धरून ठेवले. साहेबांचा चेहरा उतरला, आणि कालच्या शाबासकीनं फुगलेले आमचे मास्तर उठून उभे राहिले. "माझी मुलगी बसेल."

विजयमाला चमकली. मग म्हणाली, "आबा म्हणतात तं बसते."

रुपाबाईनं आपली ओढणी तिच्या डोक्यावर घातली, मास्तरांना शेजारी बसवलं आणि विचारलं, "देऊन कोणत्या गावाले राह्यले? गावचं नाव घ्या लागते. त्याबिगर पोर कुठं पोचवू?"

"कोणतंही सांगा हो मास्तर," साहेब हसत म्हणाले.

कोणतंही! नागपूरच्या साहेबाला काय ठाऊक, भरसभेत उपवर पोरीचं नाव एखाद्या गावाशी जोडणं म्हणजे काय ते. मालेगाव म्हणावं तर मालेगावचे देशमुख उद्या दारात उभे. रिसोड म्हणावं तर रिसोडवाले म्हणतील, आमच्या कोणत्या घराची बदनामी केली? उद्या खरी सोयरीक जुळवायची वेळ आली की लोक म्हणणार, हिचं तर आधीच कुठंतरी ठरलं होतं. जिथं घर नाही, दार नाही, कुजबुजायला माणूस नाही, असं गाव हवं. आणि असं गाव मास्तरांइतकं कोणाला माहीत होतं? आपल्या हुशारीवर ते मनात खूशही झाले.

"धामणदरी," ते म्हणाले.

"बराबर हाय," बायांच्या घोळक्यातून एक म्हातारा आवाज आला. "गाव आमचंच हाय."

कोणीतरी थट्टा केली म्हणून लोक पुन्हा हसले. मास्तरही हसले.

मग रुपाबाईनं विजयमालेच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला, आणि हसणं जिथल्या तिथं बसलं. तांड्याची बोली सगळ्यांना कळत नव्हती. मास्तरांना अर्धीमुर्धी कळत होती. म्हातारी पोरीच्या तोंडानं म्हणत होती, बापा, तूच माझी वेणी घातली, आता तिची गाठ कोण सोडवीन? बापा, माझी भाकर वाकडी होते, तू ती सरळ म्हणून खाल्ली, आता परक्या ताटात ती कोण खाईन? मास्तरांच्या अंगावर काटा आला. हे म्हातारीला कोणी सांगितलं? विजयमालेच्या हातची पहिली भाकर त्यांनी खरोखरच काही न बोलता खाल्ली होती. तेवढ्यात रुपाबाईनं पोरगी त्यांच्या गळ्यात घातली. किती वर्षांनी तिचं डोकं त्यांच्या छातीशी आलं होतं! मास्तरांच्या आत काहीतरी तटकन तुटलं. बायकोच्या वेळचं, त्यानंतरच्या सगळ्या वर्षांचं, जे काही साठलं होतं ते सगळं डोळ्यांवाटे बाहेर आलं आणि ओढणीवर टपटप पडलं. कोरडं लाकूड भरसभेत हमसून हमसून रडलं.

गाणं संपलं. प्रोफेसर मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. रुपाबाई दचकून मागं सरकली. रडण्यावर टाळ्या वाजवणारे लोक तिनं उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी येऊन विजयमाला हळूच म्हणाली, "आबा, तुमी माझ्यासाठी रडले." तिचा चेहरा नुसता उजळला होता. मास्तरांना बरं वाटलं.

घर आलं. मास्तर कुलूप काढून आत गेले, कोट खुंटीला अडकवला, वळून पाहतात तर पोरगी उंबऱ्याबाहेरच उभी.

"काहून उभी आहेस?"

"येऊ काय आत?"

मास्तरांना वाटलं, थट्टा करते. "ये की!" ती आली आणि चटईच्या कडेला, अंग चोरून बसली. पाणी हवं होतं तिला, पण माठाला हात लावेना, मास्तरांनी दिलं तेव्हा प्याली. जेवताना म्हणाली, "तुमच्याकडची डाळ मोठी चवदार असते." सकाळी उठली तर अंथरूण घडी करून कोपऱ्यात ठेवलेलं. केर नाही, चूल नाही, पाहुण्या बाईसारखी हात मांडीवर ठेवून बसलेली, आणि डोक्यावर पदर. मास्तर मनात म्हणाले, दगदगीनं थकली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. एकदा तिनं आपली लुगडी काढून गाठोडं बांधलं आणि दाराशी ठेवलं.

"हे कायले?" मास्तरांनी विचारलं.

"न्यायले येतीन न मले."

"कोण येतीन?"

"आमच्या घरचे," ती म्हणाली, आणि लाजली. "आबा, तिथल्या विहिरीचं पाणी गोड आहे म्हणतात."

धामणदरीची विहीर मास्तरांनी पाहिली होती. तिच्यात दगड होते आणि एक बाभूळ उगवली होती.

त्याच आठवड्यात गफ्फारभाई बांबू आणायला मेडशीकडं जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या ओट्यावर बसून तंबाखू मळता मळता म्हणाले, "मास्तर, ते तुमचं धामणदरी. तिथं कोनी बस्ती केली काय? खालून जात होतो तं धूर दिसला चुलीचा. आन् वेशीवर आंब्याचं तोरण. मी म्हटलं, इथं कोनाची शादी हाय बाप्पा?"

मग गफ्फारभाईंची बायको अख्तरी बोलली. ती दाराआड उभी होती. "भाईसाब, मी सांगनार नव्हती. काल दुपारी तुमी शाळेत होते, तई येक बुढी आली होती. मले विचारते, जानराव मास्तरचं घर हेच काय, आमची सून पाह्यची होती. मी म्हटलं, बसा, पानी देते. पानी दिलं. ती बसली, बोलली, गेली. पन गिलास तं भरलेलाच होता. ओठाले लावताना मी माझ्या डोळ्यानं पाह्यला, भाईसाब, आन् भरलेलाच होता."

मास्तर त्याच पावली उठले. सायकलवर टांग मारली आणि मानोऱ्याचा रस्ता धरला. रस्ता थोडाथोडका नाही, पोचेपर्यंत तोंडाला कोरड पडली. तांड्यावर रुपाबाई उन्हात बसून घागऱ्याला काचा टाचत होती. मास्तरांनी सगळं सांगितलं तसा तिच्या हातातला दोरा थांबला.

"ओसाड गाव? तुमी मले ओसाड गावचं नाव देलं?"

"रुपाबाई, मले वाटलं कोणाची बदनामी नको..."

"याडी वो याडी!" म्हातारीनं आपल्या बोलीत आईला हाक मारली आणि कपाळावर हात मारून घेतला. "मी तं पोर वेशीपर्यंत पोचवून देली नं, मास्तर! गाणं चांगलं झालं म्हणून मी घरी येऊन पोट भरून जेवली!"

"मोडता येते काय? काही उलटं गाणं, काही विधी, जे असन ते सांगा."

"मोडाची रीत मले ठाऊक नाही. ढावलो कोणी मोडलाच नाही आजवर. कायले मोडतीन? पोर देतात ती द्यासाठीच देतात." तिच्याही डोळ्यात भीती होती. "गाणं खोटं गाता येते, मास्तर. मी किती जागी गायली असन. निरोप गाण्यानं होत नाही. बापाचं पाणी पोरीच्या डोक्यावर पडलं म्हणजे निरोप होते. तुमी कायले रडले? कोणी सांगतलं होतं रडाले?"

मास्तरांनी सायकल उचलली आणि जीव खाऊन पायडल मारत परत निघाले. वाटेत एकच घोकत होते, देवा, पोट्टी घरात असू दे. मी हिला नागपूरला पोचवतो, उद्याच पोचवतो, मामाकडं ठेवतो, कुठंही ठेवतो, पण आज ती घरात असू दे.

पोचले तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. गल्लीत घरोघर दिवे लागत होते आणि मास्तरांच्या दारात दमणी उभी होती. पाहुण्यांना न्यायला काढतात तशी, गादी-तक्क्या घातलेली, पांढऱ्या बैलांची. एवढ्या लांबून आलेली, पण चाकाला धूळ नव्हती आणि बैल धापत नव्हते. धुरेवर मोठ्या पागोट्याचा एक माणूस पाठमोरा बसला होता. ओट्यावर एक म्हातारी बसली होती, जुन्या वाणाचं लुगडं नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. समोरच्या दारात अख्तरी तोंडावर हात दाबून उभी.

"राम राम, इवाई," म्हातारी उठून म्हणाली. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी व्याही म्हणून हाक मारत होतं, आणि तो आवाज त्यांनी ओळखला. मांडवात बायांच्या घोळक्यातून आलेला तोच. "वाट पाहून राह्यलो तुमची. म्हटलं, बाप घरी नसता पोर कशी न्यावी? सून न्यायले आलो."

"कोणती सून?" मास्तर सायकल टाकून पुढं झाले. "बाई, तो कार्यक्रम होता. विद्यापीठाचा. लोकायले दाखवायसाठी केला होता तो."

"असं कसं म्हणता? भरल्या मांडवात तुमी आमच्या गावचं नाव घेतलं. किती सालानं घेतलं कोणी!" तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती एखाद्या चांगल्या घरच्या, अडलेल्या बाईसारखी अजीजीनं बोलत होती. "आमच्या पोरायले पोरगी कोण देईन, इवाई? आमी कोणत्या तोंडानं मागाले जावं? तुमी आपणहून देली. गावात सून नाही तं त्याले गाव कायले म्हणाव? ही आली म्हणजे पारावर दिवा लागीन. सुखात ठेवू, भिऊ नका."

"मी शब्द दिला तो खोटा होता."

"शब्द असन खोटा. माणूस तोंडानं कायबी बोलते." म्हातारी एक पाऊल जवळ आली. "पण तुमच्या डोळ्यातलं पाणी हिच्या डोक्यावर पडलं, मी पाह्यलं. तेबी खोटंच होतं काय? तसं असन तं सांगा. हिच्या तोंडावर सांगा, मी गाडी वापस नेते."

विजयमाला दारात येऊन उभी राहिली होती. डोक्यावर पदर, हातात गाठोडं. ती घाबरलेली नव्हती. बापाकडं पाहून ती हसली, आणि तिच्या त्या हसण्यात इतका विश्वास होता की मास्तरांचं काळीज फाटलं.

"सांगा न, आबा," ती म्हणाली. "खरं होतं म्हणून सांगा त्यायले. मले तं आजवर वाटे, मी तुमाले नुसतं ओझं आहे. तुमी रडले, तई मले कळलं."

अरे देवा! ज्या एका गोष्टीसाठी पोरगी आयुष्यभर आसुसली होती, ती तिला एकदाच मिळाली, आणि तीच आता बापानं स्वतःच्या हातानं हिसकून घ्यायची. बैलांनी माना हलवल्या. घुंगरं वाजली. वर्गात बोलतात त्या आवाजात मास्तर बोलले.

"खोटं होतं."

"आबा?"

"खोटं रडलो मी. समोर साहेब बसले होते, त्यायले दाखवायसाठी रडलो. मले कधी रडू आलं नाही. हिची माय मेली तईबी आलं नाही. गावाले विचारा." ते समोरच्या दाराकडं वळले. "अख्तरीबी, सांगा यायले! कसा माणूस आहे मी?"

अख्तरी कशीबशी म्हणाली, "मास्तर... मास्तर कोरडे हायेत. साऱ्या गावाले ठाऊक हाय."

म्हातारीनं मास्तरांच्या डोळ्यात पाहिलं. तिला कळलं नसेल असं नाही. तिनंही पोरं पुरली असतील, तिला कळलंच असेल. पण रीत ती रीत. "बरं," ती म्हणाली, "मग देली नाही म्हणा. चूक आमचीच झाली." दमणीत चढताना ती थांबली. "पण ध्यानात ठेवा, इवाई. ज्या दिवशी हिले म्हणसान का ते पाणी खरं होतं, त्या दिवशी आमी येऊ. आमी बैल सोडत नाही."

दमणी वळली आणि गल्लीच्या टोकाला चिंचेच्या अंधारात गेली. पुढं गेल्याचा आवाज मात्र आला नाही.

विजयमालेच्या हातातलं गाठोडं खाली पडलं. झोपेतून उठल्यासारखी तिनं इकडंतिकडं पाहिलं, डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर घेतला, तडक माठाशी जाऊन आपल्या हातानं पाणी घेतलं आणि घटाघटा प्याली. पोरगी घरची झाली होती. मास्तर भिंतीला टेकून खाली बसले. पेला ठेवून तिनं विचारलं, "आबा, खरंच खोटं होतं?"

बाहेर घुंगरू किणकिणलं.

"हो," मास्तर म्हणाले.

"बरं," विजयमाला म्हणाली, आणि चूल पेटवायला गेली.

त्यानंतर ती कधी रुसली नाही, कधी रागानं बोलली नाही. मास्तरांची भाकर, मास्तरांचं धोतर, मास्तरांचं औषधपाणी, सगळं वेळच्या वेळी केलं. बोलणं मात्र कामापुरतं. तिचं काय चुकलं? ज्या बापानं साहेबांना खूश करायला तिच्या डोक्यावर खोटं पाणी गाळलं, त्याच्याशी बोलायचं तरी काय?

जून आला. मास्तर तिला अकोल्याच्या मोटारीवर बसवायला गेले. वळकटी टपावर चढली, डबा तिच्या मांडीवर दिला. ड्रायव्हरनं हॅन्डल मारलं, मोटार खाकरली. विजयमालेनं तेवढ्यात खिडकीतून हात बाहेर काढला आणि बापाची बोटं धरली. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच.

"आबा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले, "आता तं मी खरंच चालली. आता तरी सांगा. थोडं तरी खरं होतं काय?"

मास्तरांनी तिच्या खांद्यापलीकडं पाहिलं. रस्त्याच्या त्या कडेला, निंबाच्या सावलीत, दमणी उभी होती. बैल जुंपलेले होते आणि धुरेवरच्या माणसानं कासरा हातात घेतला होता.

"डबा आडवा करू नको," मास्तर म्हणाले, "वरण सांडीन."

तिनं त्यांची बोटं सोडली.